गाठी कलतात, टायर टिकत नाहीत: जिनिंगच्या फोर्कलिफ्टला चाकं कोणती घालावीत?

हिंगणघाट-वणी पट्ट्यातल्या एका जिनिंग-प्रेसिंगवाल्या (कापसातून सरकी काढून रुईच्या गाठी बांधणाऱ्या) भाऊंचा प्रश्न आहे. थोडक्यात असा: तीन टनी डिझेल फोर्कलिफ्ट, जुनी घेतलेली, पुढे बेल क्लॅम्प, म्हणजे गाठी दोन्ही बाजूंनी दाबून धरणारा चिमटा. निम्मं यार्ड पेव्हर ब्लॉकचं, निम्मं मुरमाचं, कडेला काळी माती. हवेचे टायर आहेत आणि हंगामात महिन्याला तीन-चार पंक्चर ठरलेले. पंक्चरवाला १८ किलोमीटरवर. नागपूरचा दुकानदार म्हणतो सॉलिड, म्हणजे बिनहवेचे भरीव टायर टाका. गोंदियाचा राइस मिलवाला मित्र म्हणतो कुशन टायर घ्या, माझ्याकडे तेच आहेत, पंक्चरचं नावच नाही. आणि शेवटी एक ओळ: चार गाठी वर उचलल्या की थप्पी डावीकडे कलते, ऑपरेटर म्हणतो मास्ट (माल वर नेणारा पुढचा उभा सांगाडा) वाकलाय, तेही करून घ्यावं का?

भाऊ, मी ही शेवटची ओळ आधी घेतो. मास्टला हात लावू नका. आधी पुढच्या दोन्ही टायरचा घेर मोजा.

जुनी गाडी घेतली म्हणजे पुढे एक टायर एका कंपनीचा आणि दुसरा दुसऱ्या कंपनीचा असणार, किंवा एक नवा आणि एक झिजलेला. मागच्या मालकाने पंक्चर झालं तेव्हा एकच बदलला असेल. आता हिशेब बघा. दोन टायरच्या व्यासात २४ मिलिमीटरचा फरक असला, म्हणजे बोटभराच्या आसपास, तर त्या बाजूचा एक्सल १२ मिलिमीटर खाली बसतो. तुमच्या गाडीची पुढची दोन चाकं एकमेकांपासून साधारण एक मीटरवर आहेत. म्हणजे एका मीटरला १२ मिलिमीटरचा उतार. मास्ट चार मीटर वर गेला की वरचं टोक ४८ मिलिमीटर, जवळजवळ दोन इंच, बाजूला सरकतं. त्यात गाठ स्वतःच थोडी तिरपी धरली गेलेली असते. खालची थप्पी तिरपी लागली की वरची आणखी तिरपी.

गवंड्याकडून ओळंबा आणा. गाडी सपाट सिमेंटवर उभी करा, क्लॅम्प रिकामा, मास्ट सरळ, पुढच्या दोन्ही टायरमध्ये हवा सारखी. मास्टच्या वरच्या आडव्या पट्टीच्या मधोमध दोरी बांधून ओळंबा सोडा आणि खाली कुठे येतो तिथे खडूने खूण करा. मग गाडी वळवून उलट्या तोंडाने त्याच जागी, चाकाखाली चाक येईल अशी उभी करा आणि पुन्हा बघा. दोन्ही वेळा ऑपरेटरच्या डाव्या हातालाच ओळंबा सरकत असेल तर दोष गाडीत आहे. एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे सरकला तर तुमची फरशी तिरपी आहे. दोष गाडीत निघाला तर पुढचे दोन्ही टायर आपसात बदलून परत ओळंबा सोडा. कल दुसऱ्या बाजूला गेला की समजा टायरच आहे, मास्ट नाही. मी हे सेलूजवळच्या एका जिनिंगमध्ये केलं होतं. ऑपरेटर आठ दिवसांपासून सांगत होता, "गाडी इकडेच ओढते जी," आणि सगळे त्यालाच नावं ठेवत होते. मास्ट सरळ करायला वर्कशॉपचा माणूससुद्धा बोलावून ठेवला होता. निघाला डावा टायर घासून गुळगुळीत.

यात आणखी एक नुकसान आहे, ते दिसत नाही. पुढची चाकं ओढणारी असतात. एक मोठं, एक लहान असलं की डिफरन्शियलला (वळताना दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरांना) सरळ चालतानाही सतत काम करावं लागतं. टायरचे पैसे वाचवून माणूस गिअरांचे पैसे भरतो. म्हणून एक नियम पक्का करा: एका एक्सलवर दोन्ही टायर एकाच जातीचे, एकाच कंपनीचे आणि एकाच वेळी घातलेले. पुढे एक हवेचा आणि एक सॉलिड असली खिचडी तर मी उभ्यानेच काढायला लावतो. हवेचा दबतो, सॉलिड दबत नाही, आणि भार घेतल्यावर कल रिकाम्या गाडीपेक्षा जास्त निघतो.

आता गोंदियाच्या मित्राचं. त्यांचं त्यांच्या जागी बरोबर आहे. त्यांच्या गोदामात ट्रिमिक्सची (पाणी ओढून घोटलेल्या काँक्रीटची) गुळगुळीत फरशी, वर छप्पर, गाडी बहुतेक विजेवरची. कुशन टायर म्हणजे लोखंडी पट्ट्यावर जाड रबर बसवलेला टायर, तो सरळ चाकाच्या लोखंडावर प्रेसने ठोकून बसवतात. फिरायला हलका, उंचीला बुटका, आणि अशा फरशीवर वर्षानुवर्षं चालतो. पण तुमच्या गाडीच्या रिमवर तो बसतच नाही. त्याचं चाक वेगळं, गाडीची जमिनीपासूनची उंची वेगळी. त्या गाड्या कारखान्यातूनच तशा निघतात. आणि समजा बसला असता तरी पेव्हरची एक वीट उचकटलेली असली की तिथे अडकला असता, मुरमात तर रुतलाच असता. त्या मित्राला एकदा जिनिंगचं यार्ड बघायला बोलवा, तेही फेब्रुवारीत बोलवा.

तुमच्यासाठी खरे पर्याय दोनच: हवेचा किंवा हवेच्याच रिमवर बसणारा भरीव टायर, ज्याला आपण सॉलिड म्हणतो. निवड करण्याआधी माझं एक काम करा. ऑपरेटरला एक रिकामा डबा द्या आणि सांगा की टायरमधून जे निघेल ते यात टाकायचं. मी हे जिथे जिथे करायला लावलं तिथे महिनाभरात डबा बोलायला लागतो. बाभळीच्या काट्यावर सगळे खापर फोडतात, पण जाड प्लायच्या (आत दोऱ्यांचे जास्त थर असलेल्या) धड टायरला काटा क्वचितच पार करतो. निघतात काय? गाठ बांधायच्या हूपपट्टीचे कापलेले तुकडे, बेलिंगच्या तारेची टोकं, ट्रॉलीच्या फाळक्याचे खिळे, बैलाच्या नालेचा खिळा, वेल्डिंगच्या रॉडची थोटकं. म्हणजे पंक्चर आपल्याच घरात तयार होतंय. प्रेसमधून निघणारी पट्टी कापली की तुकडा जागच्या जागी पेटीत टाकायचा, ही शिस्त हमालांच्या मुकादमाला लावून द्या. दुसरा उपाय गावठी आहे पण चालतो: जुन्या लाउडस्पीकरची चार-पाच चुंबकं एका अँगलवर बसवा, अँगल जमिनीपासून दोन इंच वर राहील असा ट्रॉलीच्या मागे टांगा आणि रोज सकाळी यार्डात एक फेरी मारा. पहिल्या दिवशी जे लोखंड चिकटून येतं ते बघून मालकाचा चेहरा बघण्यासारखा असतो.

हे केल्यावर पंक्चर निम्मे झाले तर हवेचा टायरच ठेवा, असंही मी काही जणांना सांगितलं आहे. दुकानदाराला हे आवडत नाही. पण मुरूम आणि खड्डे यांच्यासाठी हवेच्या टायरसारखं दुसरं काही नाही. तो दबतो, धक्का पोटात घेतो, जमिनीला जास्त जागेवर टेकतो. ऑपरेटरची कंबर आणि मास्टचे वेल्ड दोन्ही वाचतात. अट एकच, हवा बरोबर पाहिजे. आपल्याकडे ट्रॅक्टरची सवय असल्यामुळे फोर्कलिफ्टमध्ये ४०-५० पाउंड भरून मोकळे होतात. फोर्कलिफ्टच्या टायरला १०० च्या वर लागते. नेमका आकडा गाडीच्या पाटीवर किंवा पुस्तकात असतो, तोच धरा. कमी हवेत टायरची कड प्रत्येक फेऱ्याला दुमडते, आतून तापते, मग दोरे सुटतात आणि ट्यूब चिमटून फाटते. पंक्चरवाला म्हणतो "ट्यूब खराब होती", आणि तुम्ही नवी ट्यूब घालता. ट्यूब बदलताना फ्लॅपही, म्हणजे ट्यूब आणि रिम यांच्यामधला रबरी पट्टा, बघा. फाटका फ्लॅप तसाच ठेवला तर नवी ट्यूब आठवडाभरात जाते. यार्डात स्वतःचा काँप्रेसर आहेच तुमच्याकडे, पाटीवरच्या आकड्याच्या वरपर्यंत मोजणारं घड्याळ घ्या आणि दर सोमवारी गार टायरवर मोजा.

आता सॉलिड. तुमच्या तीन टनी गाडीला बहुतेक पुढे २८×९-१५ आणि मागे ६.५०-१० असतील. दोन-अडीच टनी असती तर पुढे ७.००-१२ आणि मागे ६.००-९. टायरच्या कडेवर लिहिलेलं वाचून घ्या, अंदाजाने सांगू नका. दुकानदाराला आकड्यासोबत रिम कोणती आहे तेही सांगावं लागतं. दोन तुकडे बोल्टने जोडलेली किंवा कडेला रिंग असलेली रिम असेल तर साधा सॉलिड चालतो. एकसंध रिमवर खटक्याने बसणारा सॉलिड वेगळा येतो. हे न सांगता टायर आणले आणि नागपूरहून परत पाठवले, असं माझ्या डोळ्यासमोर झालं आहे. सॉलिड हातोडी आणि पहारीने चढत नाही. त्याला मोठा हायड्रॉलिक प्रेस लागतो, म्हणून रिमा काढून दुकानात न्याव्या लागतात. आपला पंक्चरवाला "मी चढवतो ना भाऊ" म्हणाला तरी देऊ नका. रिमची कड वाकवून ठेवतो, मग टायर रिमवरच फिरायला लागतो.

धड सॉलिडमध्ये तीन थर असतात. आत रिमला घट्ट धरणारा कडक थर, त्यात लोखंडी तारांची कडी. मधे धक्का घेणारा मऊ थर. बाहेर झिजणारा थर. स्वस्तातल्या मालात मधला मऊ थर नावालाच असतो, सगळं एकच कडक रबर. नवीन असताना दोन्ही सारखेच दिसतात. फरक कळतो तो ऑपरेटरच्या पाठीला, आणि सहा महिन्यांनी, जेव्हा रबराचे ढलपे निघायला लागतात.

सॉलिडचा खरा शत्रू उष्णता आहे. रबर उष्णता लवकर बाहेर सोडत नाही. टायर फिरताना आत तापतो आणि ती आग आतच कोंडून राहते. फोर्कलिफ्ट थांबत-चालत काम करते तोवर ठीक. पण इथून रोडच्या पलीकडच्या गोदामात, तिथून परत, असं लांबचं अंतर पळवलं की मधला थर आतून शिजतो. वरून काही दिसत नाही. एक दिवस टायर फुगीर दिसतो, हात लावला तर चटका बसतो, आणि मग बाहेरचा थर सुटून येतो. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४५ च्या वर जातो, पेव्हर तर त्याहून तापलेले. त्या दिवसांत दुपारचं लांब अंतराचं काम गाडीला देऊच नका. गाठी दूर न्यायच्या असतील तर ट्रॅक्टर-ट्रॉली आहे ना. फोर्कलिफ्टने फक्त उचलावं आणि ठेवावं.

भाराची काळजी मात्र तुम्ही वाजवीपेक्षा जास्त करू नका. तीन टन माल घेतलेल्या गाडीचं एकूण वजन सात-साडेसात टन होतं आणि त्यातलं ८५ ते ९० टक्के पुढच्या एक्सलवर येतं, म्हणजे एका टायरवर सव्वातीन टनांच्या आसपास. सिमेंट किंवा लोखंड साठवणाऱ्या गोदामात हे रोज होतं. तुमची गाठ १७० किलोची. चार गाठी म्हणजे ६८० किलो, आणि क्लॅम्पचं स्वतःचं वजन अर्ध्या टनाच्या वर. सगळं धरून पुढच्या एका टायरवर दोन टनांच्या आसपास येतं. म्हणून तुमचे टायर भाराने मरत नाहीत. ते मरतात जागेवर स्टिअरिंग फिरवल्याने, मुरमाच्या टोकांनी, कमी हवेने आणि ट्रक भरायच्या घाईत दाबलेल्या ब्रेकने. मागचे टायर आतल्या-बाहेरच्या कडेला घासलेले दिसले तर समजा ऑपरेटर गाडी उभी असताना चाक वळवतो. जरा हलू द्यावी आणि मग वळवावी, एवढ्या सवयीने मागची जोडी कितीतरी जास्त चालते.

तर तुमच्यासाठी काय? यार्ड आहे तसंच ठेवणार असाल, म्हणजे मुरमात रोज जाणार असाल, तर हवेचाच टायर, पण सांगितलेली साफसफाई आणि हवा सांभाळून. पेव्हर वाढवणार असाल तर पुढे-मागे चारही सॉलिड. मी तुम्हाला हा दुसरा पर्याय सुचवेन. प्रेस हॉलच्या दारापासून गाठींच्या थप्पीपर्यंत आणि तिथून ट्रक उभा राहतो तिथपर्यंत, एवढाच पट्टा पक्का करा. सगळं यार्ड करायची गरज नाही. पेव्हर घालणार असाल तर ६० मिलिमीटरचे नको, ते घराच्या अंगणासाठी आहेत. ८० चे घाला आणि खालचा मुरूम रोलर फिरवून नीट दाबून घ्या. खालचं पोकळ राहिलं की सॉलिड टायर पेव्हरचा सांधा सांध्याला आपटत तोडत जातो, आणि मग टायरही तुटतो आणि पेव्हरही. सगळ्यांत चांगलं म्हणजे त्या पट्ट्याला सरळ सिमेंट काँक्रीट.

काळ्या मातीचं मात्र टायरने सुटणार नाही. कोणताही टायर आणा. ही माती पाण्याने फुगते, सुकली की भेगाळते, आणि ओली असताना टायरच्या नक्षीत भरून त्याचा लोण्याचा गोळा करून टाकते. पाच टनांची गाडी, ओढणारी चाकं दोनच, जमिनीपासूनची उंची वीतभरसुद्धा नाही. अवकाळी पावसात एकदा रुतली की जेसीबीनेच निघते, आणि काढताना साखळी कुठे लावतात ते बघायला मालक तिथे नसतो. मागचं स्टिअरिंग एक्सल वाकलेलं मी तीनदा बघितलं आहे आणि तिन्ही वेळा साखळी तिथेच बांधली होती. त्या कडेला दगड लावून चुन्याची रेघ मारा आणि ऑपरेटरला सांगा, याच्या पलीकडे जायचं नाही.

सॉलिड घेताना नक्षीचा विचार एका ओळीत होतो: पक्क्या जमिनीवर कमी खाचांचा, मुरमावर खोल खाचांचा. किमतीत सॉलिड हवेच्या टायरच्या साधारण दीड-दोनपट पडतो. पण हिशेब तासाने करा. तुमचा हंगाम दिवाळीपासून मार्च-एप्रिलपर्यंत, १५० दिवस, रोज दहा तास म्हटले तर १५०० तास. हवेच्या जोडीला पंक्चर, ट्यूब, फ्लॅप, १८ किलोमीटरचं जाणं-येणं आणि त्या वेळात उभा राहिलेला ट्रक हे सगळं मांडा. सीसीआयची (भारतीय कापूस महामंडळाची) खरेदी जोरात असते, फाटकाबाहेर कापसाच्या ट्रॅक्टरची रांग लागलेली असते, आणि आत गाठी हलत नाहीत म्हणून प्रेस थांबतो, त्या दोन तासांची किंमत तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

सॉलिड कधी बदलायचा हे लोक विचारत नाहीत, कारण त्याला पंक्चर नाही म्हणून तो अमर आहे असा समज असतो. बहुतेक टायरच्या कडेवर झिजेची खूण म्हणून एक गोल रेघ असते. रबर तिथपर्यंत आलं की संपलं. त्याखाली झिजणारा थर नसतो, तिथून पुढे मऊ थर उघडा पडतो आणि लवकर फाटतो. गाडीच्या पोटाची उंचीही तोवर कमी झालेली असते.

पुढचं नीट वाचा. हे टायरच्या निवडीचं नाही, जिवाचं आहे. तुमच्या हवेच्या चाकाची रिम दोन तुकड्यांची असेल तर तिच्यावर नटांचे दोन घेर दिसतील. एका घेराने चाक हबला धरलेलं असतं, दुसऱ्याने रिमचे दोन तुकडे एकमेकांना. हवा भरलेली असताना दुसरा घेर सैल केला तर शंभर पाउंडाच्या दाबाने रिमचा अर्धा तुकडा उडतो. एका तालुक्याच्या गावी टायरच्या दुकानात मी हे बघितलं आहे. पोरगा नवा होता, ट्रॅक्टरचं चाक खोलल्यासारखा पाना लावून बसला. शेवटचे दोन नट राहिले होते. रिमचा तुकडा टिनाच्या छपरातून पार गेला. पोरगा बाजूला बसलेला होता म्हणून वाचला, समोर असता तर सांगायला राहिला नसता. म्हणून चाक गाडीवरून उतरवायच्या आधी वॉलची (हवा भरायच्या तोंडाची) पिन काढायची, हवा पूर्ण सोडायची, आणि वॉलमध्ये बारीक तार घालून बघायची, कारण कधी कधी कचरा अडकून हवा आत राहते. मगच पाना. कोणते नट कोणते, ते ओळखायला रिम जोडणाऱ्या नटांना लाल रंग मारून ठेवा. दहा मिनिटांचं काम आहे. हवा भरताना चाक लोखंडी पिंजऱ्यात ठेवायचं, पिंजरा नसेल तर निदान जाड साखळीने गुंडाळायचं, नळीला लांबून लावायचा चाप वापरायचा आणि चाकासमोर कोणी उभं राहायचं नाही.

चाक बसवल्यावर नट समोरासमोरचे आवळायचे, ओळीने नाही. आणि एक दिवस गाडी चालली की दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा आवळायचे. नवीन बसवलेलं चाक थोडं बसतं, नट सैल पडतात. हे शंभरातले नव्वद लोक करत नाहीत.

जिनिंगची आणखी एक गोष्ट, तांदळाच्या किंवा डाळीच्या मिलमध्ये जी नसते. रुई उडते आणि फिरणाऱ्या प्रत्येक गोष्टीला गुंडाळते. पुढच्या चाकाच्या आतल्या बाजूला, ब्रेक ड्रम आणि एक्सलच्या मधे, रुईची घट्ट वळकटी तयार होते. गाडी जॅकवर घेऊन एकदा हात घालून बघा, सुतळीच्या गुंडीसारखी निघते. ती ऑइल सील कापते, तेल गळतं, तेल रुईला लागतं, आणि ब्रेक तापलेला असतो. पुढचं सांगायला नको. दर आठवड्याला कोयत्याने नाही, हाताने आणि आकड्याने काढा. कोयत्याने सील कापतं. टायरमध्ये अडकलेला खडा सिमेंटवर ठिणगी टाकू शकतो, तोही रोज बघा. सायलेन्सरला ठिणगी अडवणारी जाळी असेलच तुमच्या गाडीला, नसेल तर टायरच्या आधी ती लावा.

त्याच कारणाने पांढरे किंवा राखाडी डाग न पाडणारे टायर तुम्हाला नको. अकोल्याच्या डाळ मिलवाल्यांना ते हवे असतात, फरशीवर काळे पट्टे दिसले की त्यांचे गिऱ्हाईक नाक मुरडतात. त्या टायरमध्ये काळी काजळी नसते. काजळीमुळे रबर मजबूत होतं आणि गाडीवर साठलेली स्थिर वीज जमिनीत उतरते. पांढऱ्या टायरने ती उतरत नाही, ऑपरेटरला झटके बसतात. आणि रुईत, धुळीत ती ठिणगी नकोच. डाळ मिलवाल्यांनीही घेतले तर जमिनीला टेकणारी साखळी किंवा पट्टा गाडीला लावावा. शिवाय ते काळ्यापेक्षा लवकर झिजतात.

तुमच्याच आवारात सरकीच्या तेलाची मिल असेल तर गाडी तिथल्या तेलकट फरशीवर उभी ठेवू नका. तेलाने रबर फुगतं आणि मऊ पडतं. तिथे हाताने ओढायची पॅलेट ट्रॉली ठेवा, तिची चाकं पॉलियुरेथेनची घ्या, त्याला तेल फारसं काही करत नाही. नायलॉनची चाकं ओढायला हलकी असतात पण कोटा फरशीचे टवके काढतात आणि आवाजाने डोकं उठवतात. त्या ट्रॉलीच्या पुढच्या बारक्या रोलरमध्येही रुई आणि सुतळी अडकते, बेअरिंग जाम होतं, रोलर एका जागी घासून चपटा होतो. मग "चाकं खराब निघाली" म्हणून दुकानदाराशी भांडण.

जुना टायर रिमोल्ड करून (वर नवं रबर चढवून) घालावा का, असं तुम्ही विचारलं नाही पण विचाराल. पुढच्या चाकांना नाही. गेटर टाकलेला (फाटलेल्या जागी आतून तुकडा लावलेला) टायरही पुढे नाही. आणि छोट्या मालट्रकचा १५ इंची टायर "तसाच तर आहे" म्हणून घालणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका. तो टायर रस्त्यावर वेगाने पळण्यासाठी बनवलेला असतो, त्याची भार घ्यायची ताकद फोर्कलिफ्टच्या टायरच्या निम्म्याच्या आसपास असते, आणि कडा लवचीक असल्याने मास्ट वर गेला की गाडी होडीसारखी डुलते. गाडीच्या पाटीवर भाराच्या आकड्याजवळ टायरचं माप लिहिलेलं असतं ते उगाच नाही. टायर बदलला की तो भाराचा आकडा तुमचा राहत नाही. हवेचे काढून सॉलिड घालतानाही गाडीच्या कंपनीकडून एकदा विचारून घ्या.

हंगाम संपला की बहुतेक जिनिंगमध्ये फोर्कलिफ्ट आहे तिथे उभी करून कुलूप लावतात. पाच-सहा महिने एकाच जागी भार घेऊन उभा राहिलेला सॉलिड तिथे चपटा होतो, दसऱ्याला गाडी काढली की धडधड करत चालते. हवेचा टायर हळूहळू बसतो आणि रिमखाली चेपून कड कापली जाते. एप्रिलमध्ये क्लॅम्प खाली टेकवा, गाडीच्या चेसीखाली लाकडी ठोकळे द्या, चारही चाकं जमिनीपासून बोटभर वर राहू द्या, आणि टायरवर थेट ऊन येत असेल तर पोती टाका. बॅटरीची तार काढा. आणि सीटखाली बघत राहा, पावसाळ्यात उंदीर तिथे रुई नेऊन बिऱ्हाड थाटतात आणि वायरिंग खातात.